एकेचाळीस काड्या

"पिवळी तुम्ही छाटलीत?" शेजारच्या बसवाल्याने भिंतीवरून मान काढून विचारलं, तेव्हा टाचणराव सकाळचं फिरणं आटोपून फाटकाची कडी लावत होते. बसवाला म्हणजे निवृत्त बसचालक. चौतीस वर्षं एकाच मार्गावर गाडी हाकून घरी बसलेला आणि आता भाजीच्या वाफ्यांत रमलेला सज्जन माणूस. "हो, मीच," असं म्हणताना टाचणरावांना थोडा अभिमानच वाटला. चार दिवसांपूर्वी, ऊन जरा बरं पडलं होतं तेव्हा, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बागेतली कात्री हातात धरली होती आणि त्या वाळक्या, अस्ताव्यस्त झुडपाला असं वळण लावलं होतं की पाहणाऱ्याने पाहत राहावं. सगळे बुडखे गुडघ्याएवढे, एका पातळीत. "कसं दिसतंय?" बसवाल्याने कानटोपी मागे सरकवली. गाडी उशिरा येण्यापलीकडची वाईट बातमी सांगायची त्याला सवय नव्हती. "दिसतंय छानच हो दादा. पण तिची फुलं गेल्या वर्षीच्या काडीवर येतात ना. कळ्या सगळ्या तिथंच होत्या. तिला फुलून गेल्यावर छाटायचं असतं. काड्या कुठं टाकल्यात?" फाटकाबाहेर ठेवल्या, नगरपालिकेची गाडी घेऊन गेली, असं टाचणराव म्हणाले. आपला आवाज आपल्याला लांबून ऐकू येतोय, असं त्यांना वाटलं. "अरेरे. असत्या तर कोमट पाण्यात ठेवता आल्या असत्या. उबेला पंधरा दिवसांत घरातच फुलतात. आता ह्या वर्षी काही नाही यायचं. पुढच्या वर्षी मात्र..." पुढच्या वर्षी मात्र काय, ते टाचणरावांनी ऐकलं नाही. ते घरात शिरले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

एका झुडपासाठी माणसाची पाचावर धारण बसावी हे हास्यास्पद आहे, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण पिवळी ही नुसती पिवळी राहिली नव्हती. तिचं खरं नाव काय, हेही त्यांना माहीत नव्हतं. बायको पिवळी म्हणायची म्हणून पिवळी. थंडी सरता सरता, पान एकही नाही आणि काडी न् काडी पिवळी. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी टेबलावरची पेन्सिल सरळ करत करत सांगितलं होतं, "आता महिन्यांत नका बोलू. आठवड्यांत बोला." परत येताना बायको टॅक्सीत खिडकीशी बसली होती. पूल ओलांडल्यावर शिंप्याने कपड्याची तारीख द्यावी तशी ती म्हणाली, "पिवळी फुलेपर्यंत राहते मी. मग बघू." तेव्हापासून घरातलं सगळं पिवळीवर चाललं होतं. सूप नको म्हणून तिने तोंड फिरवलं की टाचणराव फक्त "पिवळी" म्हणायचे आणि ती आणखी दोन चमचे घ्यायची. औषधाची कडू गोळी पिवळीच्या नावाने उतरायची. लांबच्या शहरातली मुलगी फोनवर म्हणायची, "पिवळी फुलली की लगेच कळवा बाबा, मी तेव्हाच रजा घेऊन येते." आणि त्या पिवळीला त्यांनी, स्वतःच्या हाताने, फुलायच्या तीन आठवडे आधी, गुडघ्यातून कापलं होतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं लोक म्हणतात, पण ते दूध उतू गेल्यावर म्हणतात.

मागच्या खोलीच्या दारात येऊन ते थबकले, कारण आता त्यांना खिडकी दिसली. बायकोचा पलंग मुद्दाम खिडकीला समांतर लावलेला होता आणि उशीवरून पाहिलं की खालच्या काचेत पिवळीचे शेंडे दिसायचे, वाऱ्याने काचेला टेकायचे, मागे जायचे. आता त्या काचेत समोरची करडी भिंत होती आणि भिंतीवर थोडं आभाळ. चार दिवस ती तिथे तशीच होती, आणि चार दिवस ते ह्या खोलीत शंभर वेळा आले-गेले होते. छापखान्यात ज्यांच्या नजरेतून सुटलेलं टिंब कुणी दाखवू शकलं नव्हतं, त्यांना अख्ख्या काचेतून झाड गेलेलं दिसलं नव्हतं. तिला दिसलं असेल का? औषधांनी तिची नजर हल्ली धुरकट झाली होती. चष्मा ती फक्त मुलीचा फोटो बघायला मागायची. "आलात?" ती डोळे न उघडता म्हणाली. "काय मिळालं आज?" त्यांच्याकडे तीन गोष्टी तयार होत्या, फाटकापर्यंत त्यांनी त्या जपून आणल्या होत्या, आणि आता एकही आठवेना. "मांजर," ते म्हणाले. "भिंतीवर. उन्हात." ती म्हणाली, "मांजर कालही होतं." ते खिडकीशी गेले आणि त्यांनी पडदा अर्धा ओढून घेतला. "वारा येतोय," ते म्हणाले. "काच बंद आहे ना?" "फटीतून येतो." ती म्हणाली, "बरं." ह्या 'बरं'वर ते दिवसभर विचार करत बसले. चोराच्या मनात चांदणं असतं, त्यातला प्रकार.

तीन गोष्टींची रीत तिची होती. अडतीस वर्षं टाचणरावांनी छापखान्यात प्रुफं तपासली. शाळेची पुस्तकं, आगगाड्यांची वेळापत्रकं, औषधांच्या खोक्यांतली घडीचे कागद. टाचणीएवढी चूकही सुटत नाही, म्हणून कामगारांनी नाव टाचणराव ठेवलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी बायकोनेही तेच उचललं. त्यांची एक गंमत छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. एखादं पान निखळ आलं, एकही चूक नसलेलं, की ते नकळत गुणगुणायला लागायचे. चाल कुठलीच नसायची, आणि ते सूर म्हणण्याच्या लायकीचेही नसायचे. पण खिळे जुळवणारे जुळारी लोक ते ऐकून म्हणायचे, "झालं, पान सुटलं." असं महिन्यातून एकदा व्हायचं, फार तर दोनदा. बाकी सगळा धंदा चुकांचा. निवृत्त झाल्यावर बायकोने त्यांना फिरायला पिटाळलं, तर ते तासाभराने यायचे ते पाट्यांवरच्या चुकांची यादी घेऊन. वाण्याची पाटी, दवाखान्याची पाटी, 'गाडी लावू नये' तले घोटाळे. आठ दिवस तिने ऐकून घेतलं आणि नवव्या दिवशी दारातच सांगितलं, "चुका चपलांबरोबर बाहेर ठेवून यायचं. आत येताना तीन बऱ्या गोष्टी आणायच्या. नाहीतर चहा नाही." पहिले काही दिवस त्यांना खरोखर चहा मिळाला नाही. बऱ्या गोष्टी दिसतच नव्हत्या, त्यांना दिसायची ती नजरच नव्हती. मग एका फेब्रुवारीत, कुंपणाच्या मुळाशी ओल्या पाचोळ्यातून वर आलेलं एक हिरवं टोक त्यांनी पाहिलं आणि घरी येऊन घाबरत घाबरत सांगितलं. ती इतकी हसली होती, आणि मग तिने त्या टोकाचं पुढे काय होतं ते सांगितलं होतं. पांढरं, मान खाली घातलेलं, भुईपासून वीतभर उंचीचं फूल. नऊ वर्षं ही रीत चालली होती. पण खरं सांगायचं तर तीन गोष्टी ते आणायचे आणि त्या काय आहेत हे ती सांगायची. त्यांच्या डोळ्यांना नावं तिच्याकडून मिळायची. बागेत ती, कट्ट्यावर पेपर घेऊन ते. ती मातीत हात घालून काहीतरी सांगत असायची आणि ते 'हं' म्हणायचे. त्या 'हं'मध्ये तीस वर्षांचं बागकाम वाहून गेलं. काय कधी छाटायचं हे तिने सांगितलं नसेल असं शक्यच नव्हतं.

मग छाटायला का गेले? त्या दिवशी ती झोपली होती. दुपारी तिला डुलकी लागायची. ते खिडकीशी उभे होते आणि त्यांना बाग दिसली, ती नसताना झालेली बाग. वाळकी देठं, कुजलेली पानं, आणि मधे ते झुडूप, दाही दिशांना काड्या फेकलेलं. खोडून दुरुस्त न केलेल्या पानासारखं ते त्यांना दिसलं. हिच्या हातून आता होणार नाही, मी करतो. ती उठेल तेव्हा नीटनेटकं दिसेल. एवढंच. जे जास्त ते काढायचं, हे त्यांना येत होतं. जन्मभर तेच केलं होतं. एकेक काडी मोजून कापली, एकेचाळीस. मोजायची खोड जुनी होती. सुतळीने मोळी बांधली, फाटकाबाहेर ठेवली, हात धुतले. कितीतरी महिन्यांनी त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं होतं, आणि आता ते आठवून त्यांना स्वतःची किळस आली. काड्यांवर कळ्या होत्या. होत्याच. आता आठवत होतं, प्रत्येक पेऱ्याशी जोडीजोडीने तपकिरी, टोकदार, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांनी त्या पाहिल्या होत्या आणि काट्यांसारखं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं. दुसऱ्याच्या लिखाणात इतकं बारीक काही दिसलं असतं तर त्यांनी थांबून चौकशी केली असती.

त्या रात्री त्यांच्या मनात एक विचार आला. तो पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. ती म्हणाली होती, पिवळी फुलेपर्यंत राहते. पिवळी ह्या वर्षी फुलणार नाही. म्हणजे? शब्दाला शब्द लावून वाचलं तर ह्या वाक्याला शेवटच राहत नव्हता. पिवळी फुलत नाही तोवर ती राहणार, आणि पिवळी फुलणारच नाही. क्षणभर, भांडी विसळताना, त्यांना खरोखर असं वाटलं की आपण तिला कापून टाकलेलं नाही, वाचवलं आहे. हातातली बशी तशीच राहिली. मग मागच्या खोलीतून तिचा खोकला आला, लांबलेला, कोरडा, आणि तो थांबल्यावर जी शांतता झाली तिच्यात त्यांना कळलं की आजार काही वाक्य वाचून येत नाही. ती जी गोळी घेत होती तिच्या खोक्यातला कागद त्यांनीच कधीतरी तपासला होता. दुष्परिणामांची यादी त्यांना अजून पाठ होती, मळमळ, अशक्तपणा, दृष्टी अंधुक होणे, आणि त्या कागदात एकही चूक नव्हती. त्या बिनचूक कागदाचा तिला काडीइतका उपयोग झाला नव्हता. तिच्याजवळ होती ती फक्त एक तारीख, तीही तिने स्वतः ठरवलेली, आणि तारखेच्या ओढीने ती सूप गिळत होती. ती ओढ गेली तर ती गिळायचं थांबेल. आज, उद्या, ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई तिचं अंग पुसायला आल्याबरोबर ते बाहेर पडले. नगरपालिकेची गाडी बागांचा कचरा गावाबाहेरच्या खताच्या वखारीत नेते, एवढं त्यांना माहीत होतं. वखार पुलापलीकडे, चालत तासाभराच्या वाटेवर. आणि त्या दिवशीच, नेमकं त्याच दिवशी, रस्त्यावर नुसतं सुख सांडलेलं होतं. टपालवाली बाई हिवाळ्यात पहिल्यांदा हातमोजे न घालता पत्रं टाकत होती. सुताराने दुकानाचं दार सताड उघडं ठेवलं होतं आणि ताज्या भुशाचा वास कोपऱ्यापर्यंत आला होता. शाळेच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर शेवाळ इतकं हिरवं झालं होतं की हात ठेवावासा वाटावा. एका वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडून गादी उन्हात टाकली. लॉन्ड्रीच्या नळीतून वाफ निघत होती आणि उन्हात सोनेरी होत होती. तारेवर एक मुठीएवढा पक्षी स्वतःपेक्षा मोठ्या आवाजात काहीतरी निक्षून सांगत होता. गटाराच्या काठावरचा बर्फाचा पापुद्रा वितळून मोकळं पाणी खळखळत होतं. आणि नदीकाठच्या झुडपावर चिलटांचा थवा, ऊन पडलं तेवढ्याच जागेत, वरखाली नाचत होता. एरवी तीन मिळायची मारामार आणि आज त्यांनी आठ मोजल्या. पण प्रत्येक गोष्ट त्यांना टोचत होती. एरवी त्यांनी ह्यातली एकेक घरी नेऊन तिच्या हातावर ठेवली असती. आज त्यांना वाटत होतं की हे सगळं थांबावं. थंडी मागे फिरावी, गारठा पडावा, कुठेही काहीही फुलू नये. जगातल्या सगळ्या पिवळ्या ह्या वर्षी राहून जाव्यात, म्हणजे तिला वाटेल की उशीर झालाय, एवढंच. सत्तरीतला माणूस नदीकाठी उभा राहून वसंताला शाप देत होता, आणि चिलटं आपली नाचत होती.

वखारीत जाडे हातमोजे घातलेली एक धिप्पाड बाई दाताळ्याने ढीग उलटा करत होती. ढिगातून वाफ निघत होती. "पाच दिवसांपूर्वीची मोळी?" ती म्हणाली. "काका, इथं रोज चार गाड्या येतात. ते केव्हाच यंत्रात गेलं. भुगा झाला त्याचा. ह्यातच असेल कुठंतरी." तिने दाताळं ढिगावर टेकवलं. "काय होतं त्यात? अंगठी-बिंगठी?" "काड्या होत्या," ते म्हणाले. "नुसत्या काड्या?" "हो." तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग काय समजली कोण जाणे, पण ती चेष्टा करायची थांबली. "दमलात. हात घाला ह्यात, ऊब आहे. थंडीत आम्ही डबे इथंच गरम करतो." त्यांनी हात मनगटापर्यंत ढिगात घातले. ऊब होती. माणसाच्या अंगाची असते तेवढीच, पांघरुणाखाली हात घातल्यावर लागते तशी. त्या उबेत कुठेतरी त्यांच्या एकेचाळीस काड्या होत्या, फुलायच्या कळ्यांसकट. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते वाफेच्या नावावर खपवलं.

"तसल्याच काड्या पाहिजेत तर आजच्या गाडीतल्या घ्या की," बाई म्हणाली आणि तिने भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीशी डोक्याएवढा ढीग होता. अख्ख्या शहराने छाटलेलं एका जागी येऊन पडलं होतं. "कसल्या होत्या?" "पिवळी फुलं येतात त्या." "आता कुठली फुलं काका. आता सगळ्या सारख्याच. तुम्हाला ओळखू येतील ना?" टाचणराव ढिगापुढे उभे राहिले. तपकिरी काड्या होत्या, करड्या होत्या, लालसर होत्या, ठिपक्यांच्या होत्या, गुळगुळीत होत्या. तीस वर्षं ते झुडूप त्यांच्या खिडकीशी होतं. तीस वेळा ते पिवळं झालं होतं आणि तीस वेळा ते 'वा' म्हणाले होते. पण फूल नसताना, वर्षाचे अकरा महिने, ते कसं दिसतं हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी एक काडी उचलली, कळ्या पाहिल्या, टाकली. दुसरी उचलली. जिच्याबरोबर अख्खा जन्म काढला तिच्या जिवाची गोष्ट पुढ्यात पडलेली आहे आणि आपल्याला ती ओळखता येत नाही, ह्याच्याइतकं वाईट त्यांना डॉक्टरांच्या खोलीतही वाटलं नव्हतं. शेवटी ज्यांच्यावर बऱ्यापैकी कळ्या होत्या त्या त्यांनी अंदाजाने निवडल्या. मोजून एकेचाळीस. बाईने सुतळी दिली. "बुडत्याला काडीचा आधार म्हणतात," ती म्हणाली, "तुम्ही तर मोळीच घेऊन निघालात." ते हसले. त्यांना ती बाई आवडली होती.

न्हाणीघरात, दाराच्या मागे, रंगाच्या रिकाम्या डब्यात त्यांनी काड्या ठेवल्या. सकाळी आणि संध्याकाळी पाणी कोमट करून बदलायचं. डब्याजवळ शेगडी ठेवायची. आणि खोटं बोलायचं. ते त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते प्रुफासारखं आधी मनात दोनदा वाचून घ्यायला सुरुवात केली. "पिवळी कशी आहे?" ती विचारायची. "कळ्या फुगताहेत." "रंग दिसतोय?" "अजून नाही. थंडी आहे ना." ती म्हणायची, "बरं," आणि सूप घ्यायची. पडदा अर्धा ओढलेला तो तसाच राहिला, आणि तिने तो सरकवायला सांगितलं नाही, ह्याचं त्यांना रोज नव्याने आश्चर्य वाटायचं आणि रोज नव्याने सुटल्यासारखं वाटायचं. बसवाला भिंतीवरून काही बोलायला यायचा तेव्हा ते आत निघून जायचे. फिरायला जायचे आणि तीन गोष्टी आणायचे, पण त्या आता धावत धावत उचललेल्या असायच्या, कारण मन न्हाणीघरात असायचं. दहाव्या दिवशी काही कळ्या फुगल्यासारख्या वाटल्या. अकराव्या दिवशी वाटल्या नाहीत. बाराव्या दिवशी तिने सुपाचा पहिलाच चमचा परत केला. ते "पिवळी" म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. एवढंच, न रागावता. त्यांनी चमचा वाटीत ठेवला.

"आणा तो डबा इकडे," ती म्हणाली. "कुठला डबा?" "न्हाणीघरातला. दिवसातून दोनदा पाणी तापवून तिथं काय करता तुम्ही, पाय शेकता? झोपून असलेल्या माणसाला कानच असतात फक्त. आणा. आणि तो पडदा सरकवा. उजेड येऊ द्या." त्यांनी पडदा सरकवला. खालच्या काचेत भिंत होती आणि आभाळ. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते डबा घेऊन आले आणि पलंगाशी ठेवून परीक्षेला बसल्यासारखे खुर्चीत बसले. तिने हात लांब केला. तो हात इतका बारीक झाला होता की काड्यांमध्ये गेला तेव्हा काडी कुठली आणि बोट कुठलं, हे त्यांना पटकन कळलं नाही. एक काडी तिने चाचपली, नखाने साल थोडी खरवडली. आत हिरवं होतं. मग तिने टोक मोडायचा प्रयत्न केला, तो तिला जमला नाही. त्यांनी मोडून दिलं. तिने मोडलेल्या जागी अंगठा फिरवला. "ही पिवळी नाही," ती म्हणाली. "पिवळीची काडी आतून पोकळ असते. ही भरीव आहे. कुणाच्या तरी फळझाडाची दिसते. कुठून आणलीत?" त्यांनी सांगितलं. वखार, बाई, ढीग, वाफ, सगळं. मधे कुठेतरी त्यांना रडू आलं आणि ते तसंच बोलत राहिले. "मी तुझी पिवळी कापली. मला माहीत नव्हतं. मला वाटलं..."

"एकेचाळीस," ती म्हणाली.

हा आकडा त्यांनी तिला सांगितलेला नव्हता.

"मी जागी होते त्या दुपारी. कात्रीचा आवाज ओळखत नाही होय मी? पहिला वाजला तेव्हाच कळलं. मग मोजत बसले. काम तरी काय होतं दुसरं." "मग हाक का नाही मारलीस?" ते म्हणाले. आवाज चढला होता. "पहिल्याच काडीला मारायचीस. एक गेली असती. चाळीस राहिल्या असत्या." "मारणारच होते. तोंड उघडलंसुद्धा." ती दम घ्यायला थांबली. "मग तुम्ही गुणगुणायला लागलात."

बाहेर बसवाला कुणाला तरी सांगत होता की आज उन्हात बसण्यासारखं आहे. टाचणरावांना आठवेना. आपण गुणगुणत होतो? भूक लागल्यासारखं वाटलं होतं, एवढं आठवत होतं. "डॉक्टरकडून आल्यापासून ते ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हटलं, आता हाक मारली तर थांबतील आणि पुन्हा काही गुणगुणायचे नाहीत. राहू दे. पिवळी काय, तीस वेळा बघितलीय." मग ती हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला. ते तिच्या पाठीखाली हात घालून बसले. पाठीला ऊब होती. खोकला ओसरल्यावर ती उशीवर टेकली आणि तिने काचेकडे, भिंतीकडे, पहिल्यांदाच सरळ पाहिलं. "वाटोळं केलंत खरं. अगदी बोडकं करून टाकलंत हो बिचारीला." "दोन चमचे घे," ते म्हणाले. "पुरे आता टाचणराव," ती म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की त्यांनी वाटी उचलली आणि लांब टेबलावर नेऊन ठेवली.

"ह्या फुलतील," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. त्यांना वाटलं होतं की तिला झोप लागली. "ह्या तुमच्या भरीव काड्या. कळ्या जाड आहेत. पांढरी येतील. कुणाचं झाड कोण जाणे. पाणी फार कढत करू नका, कोमट करा. आणि मुलीला आजच कळवा, फुलांची वाट बघू नको म्हणावं." "हो." "आणि पिवळीला खत घाला उन्हाळ्यात. अशी छाटली ना की ती चवताळून फुटते. पुढच्या वर्षी दुप्पट येईल." तिने डोळे मिटले. "तुम्ही बघाल."

टाचणराव खुर्चीत बसून राहिले. जन्मभराच्या सवयीने त्यांनी ते वाक्य दोनदा तपासलं, एकदा अर्थासाठी आणि एकदा अक्षरांसाठी. पुढून वाचलं, मागून वाचलं. कुठे काही जास्त नव्हतं, कुठे काही सुटलेलं नव्हतं, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. इतकं निखळ वाक्य त्यांच्या हाताखालून क्वचितच गेलं असेल. त्यांनी ओठ मिटून सूर लावून पाहिला, तिला ऐकू जावा म्हणून, आणि तो लागला नाही. मग ते उठले आणि डबा उचलून पाणी बदलायला गेले.